दुखणे घरात मुक्कामाला येते तेव्हा

मराठीत ‘दुखणे’ या एकाच शब्दात वेदनाही मावते आणि आजारही. ‘त्यांचं दुखणं लांबलं’ असे कोणी सांगितले, तर कुठे दुखते असे आपण विचारत नाही, काय झाले असे विचारतो. मात्र वेदनेचे वर्णन करायची वेळ आली की हीच भाषा कमालीची उदार होते. ठणका वेगळा, कळ वेगळी, सणक वेगळी. पाठीत उसण भरते, मान अवघडते, पायांना रग लागते, तळव्यांची आग होते, बोटांना मुंग्या येतात, गळू ठसठसते, डोके भणभणते, कंबर धरते, अंग मोडून येते. कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ रोनाल्ड मेलझॅक यांनी १९७५ साली वेदना मोजण्यासाठी एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. तिच्यात इंग्रजीतले ७८ शब्द २० गटांत लावून ठेवले आहेत आणि रुग्णाने आपल्याला लागू पडतील ते निवडायचे आहेत. आपल्याकडच्या सत्तरीतल्या कोणत्याही बाईला कागद-पेन्सिल देऊन बसवले, तर वीस-पंचवीस शब्द ती चहा निवायच्या आत लिहून देईल.

गंमत अशी, की हीच बाई डॉक्टरांसमोर गेली की तिचे सगळे शब्द आटतात. ‘फार दुखतं हो,’ एवढेच ती म्हणते. सोबत आलेला मुलगा घड्याळाकडे पाहत असतो, बाहेर तीस माणसे बसलेली असतात, आणि डॉक्टर गोळी लिहून देतात. वास्तविक त्या हरवलेल्या शब्दांत निम्मे निदान असते. आग, मुंग्या, विजेचा झटका बसल्यासारखी सणक ही नसांच्या दुखण्याची भाषा आहे. जुन्या मधुमेहात पायांना होते ती किंवा नागीण बरी झाल्यावर मागे उरते ती वेदना या जातीची असते. नेहमीच्या वेदनाशामक गोळीने तिला फारसा उतार पडत नाही. तिची औषधेच निराळी. सकाळी उठल्यावर तास-दीड तास बोटांचे सांधे आखडलेले असणे वेगळे आणि दिवसभर चालून संध्याकाळी गुडघा ठणकणे वेगळे. पहिल्यात सांध्याला सूज आणणारा संधिवात असू शकतो, दुसऱ्यात बहुधा झीज असते. म्हणून जुनाट वेदनेचा माणूस ज्या घरात आहे, त्या घराने पहिली खरेदी करायची ती वहीची. दिवसातून एकदाच, रात्री, तीन ओळी लिहायच्या: आज कसे दुखले, आज काय काय केले, झोप किती लागली. तासातासाला नोंद करत बसू नये. लक्ष सारखे तिथेच राहिले की दुखणे वाढते. महिनाभराची अशी वही घेऊन गेलेल्या रुग्णाशी डॉक्टरही जरा वेगळे बोलतात, असा माझा अनुभव आहे.

तीन महिन्यांहून अधिक टिकलेल्या किंवा पुन:पुन्हा येणाऱ्या वेदनेला वैद्यकात दीर्घकालीन वेदना म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेने रोगांच्या वर्गीकरणाची अकरावी आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून अमलात आणली, तिच्यात या वेदनेला सविस्तर आणि स्वतंत्र जागा मिळाली. तिच्यातला एक वर्ग असा आहे, की जिथे वेदना हे दुसऱ्या कशाचे लक्षण नाही, तोच आजार आहे.

बँकेत नोकरी केलेल्या माणसाला ही गोष्ट समजायला अवघड जाऊ नये. प्रत्येक शाखेत चोरघंटा असते. एखाद्या रात्री उंदीर वायर कुरतडतो किंवा पाल नको तिथे शिरते आणि घंटा वाजू लागते. पहारेकरी धावतो, पोलीस येतात, शाखाधिकारी लुंगीवर शर्ट चढवून किल्ल्या घेऊन येतात. तिजोरी जशीच्या तशी असते. चोरी झालेली नसते, पण घंटा खरीच वाजत असते आणि गल्लीची झोप खरीच उडालेली असते. शरीरात वेदनेची यंत्रणा अशीच धोक्याची सूचना देण्यासाठी आहे. जखम भरल्यानंतरही ती कधी कधी वाजत राहते. मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल या दोघांनी १९६५ साली मांडले, की इजा झालेल्या जागेकडून निघालेला संदेश मेंदूपर्यंत जसाच्या तसा पोचत नाही. मज्जारज्जूत जणू एक फाटक आहे, ते कधी उघडते, कधी मिटते. पुढे १९८३ मध्ये क्लिफर्ड वुल्फ यांनी दाखवून दिले, की वारंवार येणाऱ्या संदेशांनी मज्जारज्जूतल्या पेशीच हळव्या होतात आणि मग साध्या स्पर्शालाही वेदनेचा अर्थ लावू लागतात. २००६ च्या चिकुनगुनियाच्या साथीत हे महाराष्ट्रातल्या घराघरांनी आपल्या डोळ्यांनी पाहिले. ताप आठवड्याभरात उतरला, पण चपाती लाटताना मनगट धरणाऱ्या बायका आणि जिन्याच्या कठड्याला लोंबकळत उतरणारे पुरुष पुढे कित्येक महिने दिसत होते.

आता घरातल्या माणसांकडे वळू. कारण जुनाट दुखण्याचा नव्वद टक्के कारभार दवाखान्यात होत नाही, तो घरात होतो. (हा आकडा माझा, हिशेबनीसाचा; कोणी पुरावा मागू नये.)

घराची पहिली चूक म्हणजे विश्वास न ठेवणे. आमच्या शाखेत एक रोखपाल होते. नोटा मोजायची यंत्रे यायच्या आधीचा तो काळ. दिवसभर मान खाली घालून हाताने नोटा मोजायच्या. त्यांची मान आणि उजवा खांदा सतत दुखे. एक्स-रे काढला, त्यात काही निघाले नाही. रजेच्या अर्जावर साहेबांनी लाल शाईने ‘एक्स-रे नॉर्मल’ एवढे दोनच शब्द लिहून अर्ज परत पाठवला. त्यानंतर एक चमत्कारिक गोष्ट झाली. जो माणूस तोवर कुरकूर न करता काम करत असे, तो साहेब केबिनमधून बाहेर आले की मान धरू लागला. सहकारी हसू लागले, ‘नाटक’ म्हणू लागले. पण विचार करा, ज्याच्यावर विश्वास उरला नाही त्याला पुरावा द्यावाच लागतो, आणि वेदनेला चेहऱ्याखेरीज दुसरा पुरावा कुठला? घराघरांत हेच चालते. ‘हिचं रोजचंच आहे’, ‘काल लग्नात तर चांगली हिंडत होतीस’, ‘सगळे रिपोर्ट चांगले आहेत म्हणाले ना डॉक्टर?’ ही वाक्ये कोणी दुष्टपणाने बोलत नाही. पण ती ऐकणारी व्यक्ती पुढच्या लग्नाला जात नाही.

आणि रिपोर्टचे म्हणाल, तर तो दोन्ही बाजूंनी फसवतो. पाठदुखी अजिबात नसलेल्या तीन हजारांहून अधिक लोकांच्या तपासण्यांचा एक आढावा २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. मणक्यांतल्या चकतीची झीज विशीतल्या ३७ टक्के लोकांत दिसली आणि ऐंशीच्या घरातल्या ९६ टक्के लोकांत. यांपैकी कोणाचीही पाठ दुखत नव्हती! तेव्हा एमआरआयच्या कागदावर ‘झीज’ हा शब्द वाचून ज्यांनी चालणे सोडले, त्यांनी तो कागद कपाटात ठेवून द्यावा. आणि कागदावर काही नाही म्हणून ज्यांनी बायकोला ‘मनाचे खेळ’ म्हणून सांगितले, त्यांनीही.

दुसरी चूक नेमकी उलट आहे आणि ती प्रेमापोटी होते. ‘तू उठू नकोस’, ‘राहू द्या, मी आणते’, ‘बाबा, पेपर मी आणून देतो, तुम्ही पडून राहा.’ दिवसातून दहा वेळा ‘आता कसं वाटतंय?’ १९८० साली अमेरिकेत एक प्रयोग झाला. जुनाट वेदनेच्या रुग्णांना त्यांचे दुखणे किती आहे ते विचारले. एकदा काचेपलीकडून पती किंवा पत्नी पाहत आहे असे सांगून, एकदा वॉर्डातला कारकून पाहत आहे असे सांगून. ज्यांचे जोडीदार फार काळजी करणारे होते, त्यांनी जोडीदारासमोर दुखणे जास्त सांगितले, कारकुनासमोर कमी. कारकुनांचा एवढा औषधी उपयोग दुसरीकडे कुठे नोंदलेला माझ्या पाहण्यात नाही. यावरून हे रुग्ण सोंग करत होते असा अर्थ काढू नये. आपले सगळे नातेच दुखण्याभोवती फिरू लागले, की शरीरही तीच भाषा शिकते, एवढाच याचा अर्थ. म्हणून घरातल्या माणसाने विचारायचे असेल तर ‘दुखतंय का?’ऐवजी ‘भाजी निवडायला बसतेस का?’ असे विचारावे. विश्वास ठेवायचा, पण हातातले काम काढून घ्यायचे नाही. हे म्हणायला सोपे आणि करायला कठीण आहे, विशेषत: मुलग्यांना, त्यांना एकतर दुर्लक्ष करता येते किंवा आईला खुर्चीत बसवून ठेवता येते.

आमच्या पिढीला पाठदुखीवर दोनच उपाय माहीत होते: फळीवर झोपा आणि हलू नका. दोन्ही आता बाद झाले आहेत. हेलसिंकी शहराच्या नोकरदारांवर झालेला एक अभ्यास १९९५ साली प्रसिद्ध झाला. नव्याने पाठ धरलेल्यांपैकी काहींना अंथरुणात विश्रांती दिली, काहींना व्यायाम दिले, काहींना जमेल तसे रोजचे व्यवहार चालू ठेवा म्हणून सांगितले. तिसरा गट सर्वांत लवकर सावरला. फळीचे म्हणाल, तर २००३ मध्ये स्पेनमधल्या ३१३ जुन्या पाठदुखीवाल्यांना कडक आणि मध्यम कडक अशा गाद्या वाटून पाहिल्या. मध्यम गादीवाल्यांना जास्त बरे वाटले. ऑस्ट्रेलियातला २०२४ चा अभ्यास तर फारच घरगुती आहे. पाठदुखीतून उठलेल्या ७०१ जणांपैकी निम्म्यांना फिजिओथेरपिस्टच्या सल्ल्याने हळूहळू वाढवत नेमाने चालायला लावले. दुखणे परत यायला न चालणाऱ्यांना साधारण ११२ दिवस लागले, चालणाऱ्यांना २०८. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुन्या कंबरदुखीसाठी मार्गदर्शिका काढली, तीत व्यायाम आणि समजावून सांगणे यांना जागा आहे. कमरेचा पट्टा आणि वजने लावून ताणणे यांना नाही. आपल्याकडे किती दारांमागच्या खुंट्यांवर असे पट्टे लोंबकळत असतील!

पण ‘हालचाल करा’ एवढ्याने भागत नाही. किती करायची, हा खरा प्रश्न आहे. जुनाट दुखण्याच्या माणसाला अधूनमधून एखादा बरा दिवस मिळतो. त्या दिवशी तो, आणि अधिक करून ती, थकलेली सगळी कामे उरकायला घेते. दिवाळीच्या आधी बरे वाटले म्हणून माळ्यावरचे डबे काढले, घासले, पडदे धुतले, भाजणी भाजली. पुढचे चार दिवस अंथरूण. मग घरचे म्हणतात, पाहा, काम केलं की असं होतं. आणि ती कामच सोडते. पुढचा बरा दिवस आणखी लांबतो, अंगातली ताकद आणखी जाते. हा ओव्हरड्राफ्टचा प्रकार आहे. ग्राहकाला वाटते खात्यात पैसे आहेत, प्रत्यक्षात तो उचल करत असतो आणि व्याज दुसऱ्या दिवशी लागते. उपाय असा, की वाईट दिवशीही जेवढे जमते ते पाहायचे, त्याहून किंचित कमी काम ठरवायचे, आणि ते रोज करायचे. बऱ्या दिवशी वाढवायचे नाही, वाईट दिवशी अगदी सोडायचे नाही. आठवड्या-दोन आठवड्यांनी थोडेसे वाढवायचे. पाच पोळ्या उभ्याने लाटल्या की पुढच्या पाच बसून. कुकरच्या तीन शिट्ट्या होईपर्यंत स्टुलावर टेकायचे, मग उठायचे. कोपऱ्यावरच्या वाण्यापर्यंत चालायचे असेल तर आधी अर्ध्या वाटेवरच्या ओट्यापर्यंत. दुखल्यावर थांबायचे नाही, दुखण्याआधी थांबायचे. सगळ्यांत अवघड शिस्त हीच आहे, कारण चांगल्या चाललेल्या कामात हात थांबवणे आपल्या बायकांच्या स्वभावातच नाही.

औषधांबद्दल दोन शब्द लिहितो, मी डॉक्टर नाही हे लक्षात ठेवून. कोपऱ्यावरच्या दुकानातून चिठ्ठीविना दुखण्याची गोळी आणून महिनोन्महिने घेणारी माणसे प्रत्येक कुटुंबात आहेत. डायक्लोफेनॅकसारख्या या गोळ्या जठराला, मूत्रपिंडाला आणि रक्तदाबाला त्रास देऊ शकतात. मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्या वयस्कांना तर अधिकच. याच औषधाच्या गुरांमधल्या वापरामुळे आपली गिधाडे मूत्रपिंडे निकामी होऊन मेली आणि २००६ मध्ये सरकारला त्याच्या पशुवैद्यकीय उत्पादनावर बंदी घालावी लागली. माणसाचे शरीर गिधाडाचे नव्हे हे मान्य, पण गोळी निरुपद्रवी नाही एवढे कळायला तेवढे पुरे. दुसरे, कोणा बाबाकडून किंवा बाजारातून आणलेली बिनलेबलची ‘सांधेदुखीची पुडी’. दोन दिवसांत जादूसारखा गुण आला, महिनाभरात चेहरा गोल झाला आणि साखर वाढली, तर तिच्यात स्टिरॉइड आहे की काय हे तपासून घ्यावे. अशा पुड्यांत ते सापडलेले आहे. मात्र ती एकाएकी बंदही करू नये, पुडीसकट डॉक्टरांकडे जावे.

तिसरी गोष्ट फारशी कोणी बोलत नाही. नसांच्या दुखण्यावर ॲमिट्रिप्टिलिन, ड्युलोक्सेटिन अशी औषधे देतात. ती नैराश्यावरही वापरतात. औषधवाला म्हणतो, ‘ही डिप्रेशनची गोळी आहे’, सून कागदावर वाचते, आणि घरात गहजब होतो: आईला वेड लागलंय का? गोळी त्याच रात्री बंद. प्रत्यक्षात ॲमिट्रिप्टिलिन अगदी थोड्या मात्रेत मज्जारज्जूतले ते फाटक थोडे मिटावे म्हणून दिलेले असते, गुण यायला काही आठवडे लागतात, आणि या किंवा मिरगीवरच्या औषधांतून आलेल्या वेदनाशामक गोळ्या एकदम थांबवणे त्रासाचे होते. डॉक्टरांनी देताना दोन मिनिटे हे सांगितले, तर कितीतरी घरांतला गोंधळ वाचेल. शेकाच्या पिशवीबद्दलही एक सूचना: मधुमेहाने पाय बधिर झालेल्या माणसाला गरम पाण्याचा चटका कळत नाही, तिथे शेक देऊ नये.

अर्थात प्रत्येक जुने दुखणे ‘नुसतीच घंटा’ असे समजून बसायचे नाही. वेदनेबरोबर ताप येणे, वजन उतरणे, पाय लुळा पडू लागणे, लघवी-शौचावरचा ताबा जाणे, मांड्यांच्या मधला भाग बधिर होणे, पूर्वी कर्करोग झालेला असणे, यांपैकी काही असेल तर वही, गादी, चालणे सगळे बाजूला ठेवून आधी रुग्णालय गाठायचे.

दुखणाऱ्या घरात पाहुणे फार येतात आणि प्रत्येक पाहुणा एक उपाय ठेवून जातो. एकाने मेथ्या, दुसऱ्याने निर्गुडी, तिसऱ्याने अमुक गावचा हाड बसवणारा, चौथ्याने तांब्याचे कडे. तेलाने हलक्या हाताने चोळून दिले तर बरे वाटते आणि त्यात आपल्या माणसाचा हात लागतो, ही गोष्ट मी कमी लेखत नाही. पण पाहुणा गेल्यावर रुग्णाच्या मनात एकच उरते, की जगात सगळ्यांचे दुखणे बरे झाले, माझेच राहिले. अशा वेळी घरातल्या एकाने दाराशीच विषय बदलण्याचे काम अंगावर घ्यावे. झोपेचेही तसेच. न झोपलेल्याचे जास्त दुखते आणि दुखणाऱ्याला झोप लागत नाही. त्यामुळे टीव्हीचा आवाज रात्री दहाला बंद करणे हा घरातल्या औषधोपचाराचा भाग समजायला हरकत नाही.

पैशाची बाजू बँकवाल्याने सोडून चालणार नाही. बहुतेक आरोग्य विमा पॉलिसी माणूस रुग्णालयात दाखल झाला की पैसे देतात. गुडघा बदलायचा असेल तर लाखो रुपये मिळतात. पण तो बदलावा लागू नये म्हणून तीन महिने फिजिओथेरपिस्टकडे जायचे असेल, तर एक रुपया सुटत नाही. व्याज भरायला पैसे आहेत, मुद्दल फेडायला नाहीत, असा हा व्यवहार आहे. विमा नियामकाने कंपन्यांना या खर्चाची सक्ती केली पाहिजे. आणि तालुक्याच्या गावी? तिथे फिजिओथेरपिस्टकडे जायचे म्हणजे एसटीत दोन तास उभे राहून कंबरदुखीवर उपचार घ्यायला जाणे. केरळात कोझिकोडला १९९३ साली डॉ. एम. आर. राजगोपाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेदना-उपशमनाची संस्था काढली, तिच्यातून पुढे वाडीवस्तीवरच्या स्वयंसेवकांनी घरी जाऊन रुग्ण पाहण्याची पद्धत पसरली आणि २००८ मध्ये राज्य सरकारने त्याचे धोरणच केले. ते काम मुख्यत: कर्करोगाच्या आणि अंथरुणाला खिळलेल्या माणसांसाठी आहे. पण घरी जाऊन दुखणे पाहायचे, आणि घरच्यांना शिकवून यायचे, हे तत्त्व गुडघे आणि कंबरेलाही लागू आहे. महाराष्ट्रात आशा सेविका घरोघर जातातच. त्यांच्या मदतीला तालुक्यागणिक दोन फिजिओथेरपिस्ट, दुचाकीच्या पेट्रोलसह, हा खर्च राज्याच्या अर्थसंकल्पात शोधायला भिंग लागेल.

राहता राहिली ती, जी या सगळ्यांची काळजी घेते. सासऱ्यांना संडासापर्यंत धरून नेणारी, सासूबाईंच्या पायांना तेल लावणारी, रात्री शेवटची झोपणारी. तिची कंबर दुखते ती कोणाच्याच वहीत नसते. तिला ‘अगं, तुझंही बघ जरा’ म्हणून कोणी आपले काम कमी करत नाही. मला विचाराल तर घरातल्या पुरुषांनी एका रविवारी तिच्या शेजारी उभे राहून नुसता स्वयंपाकाचा ओटा पाहावा. आपल्याकडे ओट्याची उंची गवंड्याच्या सवयीने ठरते. त्यापुढे उभी राहणारी पाच फुटांची आहे की साडेपाच फुटांची, हे कोणी विचारत नाही. उंच बाई त्या ओट्यापुढे रोज दोन-तीन तास कंबरेत वाकून असते, वर्षानुवर्षे. आमच्याकडे ओटा फोडला नाही. पोळपाटाखाली घालायला चार इंच उंचीचा, खाली रबर लावलेला लाकडी पाट करून घेतला आणि एक उंच स्टूल आणले. पाटाचे सुताराने दोनशे रुपये घेतले. एवढ्याशा कामाचे दोनशे म्हणून मी जरा कुरकुरलो, तेव्हा तो म्हणाला, ‘साहेब, माझ्या बायकोलापण एक केला, तिनं तर काहीच दिलं नाही.’